पोल्लो आल्ला काच्चातोरा: रस पाणचट आणि कोंबडी कोरडी का होते?

पोल्लो आल्ला काच्चातोरा म्हणजे बहुधा टोमॅटो-वाइनच्या रसात मंद शिजवलेली इटालियन कोंबडी. तिच्याबद्दलची तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपाची असते. कृतीत लिहिल्याप्रमाणे कोंबडी परतली, वाइन घातली, टोमॅटो घातले, झाकण ठेवून चाळीस मिनिटं शिजवलं. झाकण काढलं तर तळाला लालसर पाणी, वर तेलाचा तवंग आणि त्यात फिकट तुकडे. मग आच वाढवून रस आटवायला घेतला. रस जरा दाट झाला खरा, पण तोवर मांस धाग्याधाग्याने सुटायला लागलं आणि घशाखाली उतरेना. पुढच्या खेपेला कोंबडी मऊ राहावी म्हणून आधीच उतरवली, तर रस पुन्हा पाणीच.

या दोन तक्रारी वेगळ्या नाहीत. रसातलं पाणी कोंबडी भांड्यात असताना आटवलं की दोन्ही बिघडतात. काच्चातोरामध्ये प्रत्येक पदार्थातलं पाणी तो तो पदार्थ भांड्यात पडेल त्याच टप्प्यावर घालवायचं असतं. कोंबडी शेवटच्या शिजण्यासाठी परत आत जाते तेव्हा रस जवळजवळ तयार हवा. नंतरची पस्तीस-चाळीस मिनिटं मांसासाठी असतात, रस दाट करण्यासाठी नाहीत.

हा पदार्थ मध्य इटलीच्या घरांमधला. एकच ठरलेली कृती नाही. रोमच्या बाजूला टोमॅटो न घालता व्हिनेगर, लसूण आणि रोझमेरीवर केलेली काच्चातोरा मिळते, तर तोस्कानात (टस्कनीत) टोमॅटो, वाइन आणि बऱ्याचदा काळे ऑलिव्ह. इथे बोलायचं आहे ते टोमॅटोवाल्या प्रकाराबद्दल, कारण पाण्याची भानगड त्यातच होते.

चार माणसांसाठी धरलेलं माप

हाडासकट तंगड्या आणि मांड्या मिळून १.२ किलो, मीठ १२ ग्रॅम, ऑलिव्ह तेल २ मोठे चमचे (कातडी नसलेली कोंबडी असेल तर ३), एक मोठा कांदा, एक मध्यम गाजर, सेलरीचा एक दांडा, लसणाच्या २ पाकळ्या, कोरडी, म्हणजे गोड नसलेली, वाइन १२० ते १५० मिली, अख्ख्या सोललेल्या टोमॅटोंचा ४०० ग्रॅमचा डबा, रोझमेरीची एक काडी, काळे ऑलिव्ह ५० ग्रॅम. भांडं २८ ते ३० सेंटीमीटर रुंद आणि जाड बुडाचं. भांड्याची रुंदी ही यातली सर्वात दुर्लक्षित गोष्ट आहे. खोल पातेल्यात हेच जिन्नस घातले तर वाफ निघायला जागा कमी पडते आणि निम्मे तुकडे रसात बुडून उकडतात.

पहिलं पाणी: कोंबडीचं

कोंबडी धुवून चाळणीत निथळली म्हणजे कोरडी झाली असं नाही. पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर असेतोवर तिथलं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, आणि खरपूस रंग चढायला साधारण १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. म्हणजे ओला तुकडा तेलात टाकला की आधी तो वाफवला जातो, करडा पडतो, आणि रंग येईपर्यंत आतून निम्मा शिजून गेलेला असतो. कागदी टॉवेलने किंवा स्वच्छ कोरड्या फडक्याने प्रत्येक तुकडा चारही बाजूंनी टिपून घ्या, सांध्याच्या घडीतही.

मीठ आदल्या रात्री चोळून, तुकडे उघडे फ्रीजमध्ये ठेवता आले तर उत्तम. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, मग काही तासांत ते खारं पाणी मांसात परत मुरतं आणि वरचा भाग सुकतो. रात्रभर जमत नसेल तर मीठ अगदी तेलात टाकण्याआधी लावा. मधली वेळ, म्हणजे मीठ लावून वीस-तीस मिनिटं ठेवणं, सगळ्यात वाईट: पाणी बाहेर आलेलं असतं आणि आत गेलेलं नसतं. दही किंवा लिंबू चोळून ठेवायची सवय इथे कामाची नाही. दह्याचा थर तेलात फाटतो आणि करपतो, आणि आंबटपणा टोमॅटो-वाइनमधून पुरेसा येणारच आहे.

गोठवलेली कोंबडी फ्रीजमध्ये संपूर्ण विरघळू द्यावी, त्याला बहुधा पूर्ण एक दिवस लागतो. अमेरिकेत राहणाऱ्यांनी पाकिटावरचा बारीक मजकूर वाचावा. तिथल्या पुष्कळ कोंबड्यांत मिठाचं पाणी टोचलेलं असतं. ते परतताना बाहेर येतं, रंग धरू देत नाही आणि शेवटी रसही खारट करतं. अशा कोंबडीला मीठ निम्मंच लावा.

आता परतणं. मध्यमपेक्षा थोडी जास्त आच, तेल चांगलं तापलेलं, आणि तुकड्यांमध्ये बोटभर अंतर. १.२ किलो एका वेळी बसत नाही, दोन घाणे करावेच लागतात. कातडी असेल तर ती बाजू खाली ठेवून आठ ते दहा मिनिटं हलवू नका, मग उलटून तीन-चार मिनिटं. महाराष्ट्रात कोंबडी बहुधा कातडी काढूनच देतात. अशा तुकड्यांना दर बाजूला चार-पाच मिनिटं पुरतात. स्टीलच्या भांड्याला तुकडा चिकटला तर ओढू नका, रंग धरला की तो आपणहून सुटतो. परतताना "चर्र" आवाज मंदावून बुडबुड सुरू झाली तर समजा की तुकडे दाटीवाटीने पडलेत आणि पाणी सुटलंय. तेव्हा अर्धे तुकडे काढून घ्या, पाणी आटू द्या आणि मग पुढे जा.

परतून झालेली कोंबडी ताटात काढून ठेवा. ताटात जमलेला रस फेकू नका, तो नंतर टोमॅटोबरोबर घालायचा आहे. भांड्यात तेल-चरबी जास्त सुटली असेल तर दोन मोठे चमचे ठेवून बाकी काढा. वरचा तवंग येतो तो इथूनच.

कांदा, गाजर, सेलरी

बारीक चिरून, चिमूटभर मीठ घालून, मंद आचेवर दहा-बारा मिनिटं. लाल करायचं नाही, फक्त पाणी जाऊन भाजी मऊ आणि गोडसर व्हायला हवी. घाई इथे महागात पडते, कारण टोमॅटोचा आंबटपणा एकदा आत गेला की भाज्या पुढे मऊ होत नाहीत. रस चाळीस मिनिटं शिजूनही गाजराचे कण दाताखाली कचकच येत असतील तर चूक या टप्प्यावर झालेली असते. लसूण शेवटच्या मिनिटाला घाला. सेलरी मिळाली नाही तर वगळा, तिच्याजागी कोथिंबिरीचे देठ किंवा ओवा घालू नका, चव भलतीकडेच जाते.

वाइन

वाइन घातल्यावर आच वाढवा आणि तळाला लागलेला खरपूस थर लाकडी कालथ्याने खरवडून घ्या. रसाची निम्मी चव त्यात असते. चार-पाच मिनिटांत दोनेक चमचे द्रव उरला पाहिजे, आणि भांड्यावर नाक नेलं तर डोळ्यांत पाणी आणणारा तिखट वास यायला नको. तो वास असतानाच टोमॅटो घातले तर कच्च्या वाइनची चव शेवटपर्यंत रसात राहते. टोमॅटोनंतर वाइन घालणं ही याच चुकीची दुसरी आवृत्ती, कारण मग ती वेगळी आटवताच येत नाही.

पांढरी चालते, लाल चालते. लाल वाइनने रस गडद आणि थोडा तुरट होतो. मात्र ती कोरडी हवी. नाशिकच्या वाइनमध्ये साव्हिन्यों ब्लाँ साधारणपणे या कामाला बरी, पण शेनिन ब्लाँ घेताना लेबल पाहा, तिचे काही प्रकार गोडसर असतात आणि आटवल्यावर तो गोडवा दुप्पट जाणवतो. वाइन वापरायची नसेल तर १०० मिली कोंबडीचं सूप आणि एक मोठा चमचा वाइन व्हिनेगर, हेही तसंच आटवून.

टोमॅटो: बहुतेक पाणी इथलं

टोमॅटोत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. त्यामुळे कोणता टोमॅटो घेतला यावर रसाचं निम्मं भवितव्य ठरतं.

अख्खे सोललेले डबाबंद टोमॅटो सर्वात भरवशाचे. ते हाताने कुस्करून घाला. सान मार्झानो जातीचे, नेपल्सजवळच्या सार्नो-नोचेराच्या पट्ट्यातले आणि १९९६ पासून युरोपीय संरक्षित नाव मिळालेले डबे महाग असतात. त्यांच्यात गर जास्त, बिया कमी. पण या पदार्थात साधे लांबट इटालियन टोमॅटोही व्यवस्थित चालतात, तो पैसा चांगल्या कोंबडीवर घालवलेला बरा.

चौकोनी तुकडे केलेल्या टोमॅटोंचा डबा घेऊ नका. तुकडे शाबूत राहावेत म्हणून त्यात बहुधा कॅल्शियम क्लोराइड घातलेलं असतं, लेबलवर लिहिलेलं सापडतं. ते तुकडे तासभर शिजवले तरी विरघळत नाहीत, आणि रस म्हणजे पाण्यात पोहणारे टोमॅटोचे तुकडे असा प्रकार होतो. "किती शिजवलं तरी मिळून येत नाही" या तक्रारीमागे अनेकदा हा डबा असतो.

ताजे टोमॅटो वापरायचे तर ४०० ग्रॅमच्या डब्याऐवजी ७०० ते ८०० ग्रॅम घ्या. आपल्याकडच्या बाजारातले संकरित टोमॅटो प्रवासात टिकावेत म्हणून जाड सालीचे आणि घट्ट असतात. गोल टोमॅटोंपेक्षा लांबट निवडा आणि खिडकीत दोन दिवस ठेवून पूर्ण लाल होऊ द्या. उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट टाकून साल काढा, दोन भाग करा, बिया चाळणीत खरवडा. बियांभोवतीचा बुळबुळीत रस मात्र टाकू नका, टोमॅटोची रुची त्यात सर्वात जास्त असते. तो गाळून एका छोट्या भांड्यात वेगळा उकळून पाव हिस्सा उरेपर्यंत आटवा आणि मग मिसळा. ताज्या टोमॅटोचा रंग आणि दाटपणा कमी वाटला तर एक मोठा चमचा टोमॅटोचं घट्ट सार, म्हणजे टोमॅटो पेस्ट, वाइनच्या आधी तेलात मिनिट-दोन मिनिटं विटकरी रंगावर परतून घाला. खोक्यात मिळणारी प्युरी चालते, पण ती आधीच आटवलेली आणि बऱ्याचदा मीठ घातलेली असते, तेव्हा २०० ग्रॅमला १०० मिली पाणी आणि वरचं मीठ बेताने. केचप नको.

टोमॅटो आणि ताटात जमलेला रस घालून झाकण न ठेवता मध्यम आचेवर दहा मिनिटं. कडेला तेल सुटायला लागलं की थांबा. मसाला परतताना आपण ज्या खुणेची वाट पाहतो तीच खूण. कालथा तळावरून ओढला तर मागे वाट उरली पाहिजे आणि ती दोन-तीन सेकंदांनी भरून आली पाहिजे. ही वाट दिसल्याशिवाय कोंबडी परत घालू नका. या लेखातली एकच गोष्ट पाळायची असेल तर ही पाळा.

मश्रूम आणि ढोबळी मिरची

दोन्ही भरपूर पाणी सोडतात, आणि रसात कच्ची घातली तर आतापर्यंत आटवलेलं सगळं वाया जातं. मश्रूम वेगळ्या तव्यावर मोठ्या आचेवर, पाणी सुटून आटून कडा तपकिरी होईपर्यंत परता. मीठ शेवटी. ढोबळी मिरचीही वेगळी परतून किंवा भाजून, साल काढून, शेवटच्या दहा मिनिटांत. रोममध्ये १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तोच्या सणाला कोंबडी आणि ढोबळी मिरची असा जवळचा पदार्थ करतात. त्यातही मिरची वेगळी शिजवून शेवटी एकत्र केली की रस पातळ होत नाही.

आता मांस

तुकडे रसात कातडीची बाजू वर करून ठेवा. रस तुकड्यांच्या निम्म्या उंचीपर्यंत यावा, वरपर्यंत नाही. झाकण थोडं कलतं. आच इतकी मंद की बुडबुडा एकेक फुटावा. रटरटा उकळू लागला की मांसाचे धागे आकसतात आणि आतला रस पिळून बाहेर येतो. म्हणजे मांस कोरडं आणि रस पातळ, एकाच वेळी.

"कडक झालं" ही तक्रार मात्र दोन उलट कारणांनी येते आणि उपायही उलटे आहेत, म्हणून आधी तुकडा तपासून बघा. मांस हाडाला घट्ट धरून बसलं असेल, रबरासारखं दाबून परत येत असेल, तर ते वातड आहे, म्हणजे अजून शिजायचं आहे. मांडीतले चिवट पडदे विरघळायला ७० अंशांच्या वर बराच वेळ लागतो, आणि मांडी ८५ ते ९० अंशांना खरी मऊ होते. झाकण ठेवून आणखी पंधरा मिनिटं मंद आच द्या. पण मांस हाडापासून सुटलेलं असूनही चघळताना भुगा होत असेल तर ते जास्त शिजलंय आणि त्याला परत आणता येत नाही. हे बहुतेक छातीच्या तुकड्यांचं होतं. छाती ७४ अंशांना झाली, त्यापुढचं प्रत्येक मिनिट तोट्याचं. अख्खी कोंबडी तोडून घेतली असेल तर छातीचे तुकडे हाडासकट ठेवा, परतून बाजूला काढा आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत रसात घाला. निव्वळ बोनलेस छातीची काच्चातोरा करू नये.

खाटकाकडे "करी कट" मागितला तर लहान तुकडे मिळतात. ते वीस मिनिटांत शिजून कोरडे पडतात आणि हाडांच्या कपच्या रसात उतरतात. तंगडी आणि मांडी सांध्यावर वेगळी, बाकी अख्खी, असं स्पष्ट सांगा. ब्रॉयलर कोंबडी कोवळी असल्याने ३५ ते ४० मिनिटं भरपूर झाली. गावरान कोंबडीला सव्वा ते दीड तास, कधी त्याहून जास्त. तिच्यासाठी रस थोडा पातळच ठेवा आणि मधूनमधून पाव वाटी गरम सूप घाला. वेळ वाचवायला प्रेशर कुकर लावला तर मांस शिजेल, पण बंद भांड्यात पाणी जायला वाटच नसते. गावरानसाठी कुकर वापरायचाच असेल तर रस आधी जास्त घट्ट करा आणि शिट्ट्यांनंतर कोंबडी बाहेर काढून रस उघडा आटवा.

हाडाजवळ लालसर डाग दिसला म्हणून घाबरून आणखी शिजवू नका. कोवळ्या कोंबडीच्या हाडातला रंग शिजल्यावरही उतरतो. थर्मामीटर हाडाला न टेकवता सर्वात जाड भागात घालून बघा.

रस पातळ झालाच असेल तर

कोंबडी ताटात काढून झाका. रस शक्यतो आणखी रुंद भांड्यात ओता, मोठ्या आचेवर सतत ढवळत आठ-दहा मिनिटं आटवा, मघाची वाट दिसली की आच बंद करून कोंबडी परत घाला आणि पाच मिनिटं मुरू द्या. मीठ या नंतरच चाखा. कॉर्नफ्लोअर लावू नका, चकाकी येते पण टोमॅटोची चव झाकली जाते. काही इटालियन घरांत कोंबडी परतण्याआधी मैद्यात घोळवतात. त्याने रस मिळून येतो हे खरं, पण जादा मैदा झटकला नाही तर तो तळाशी करपतो आणि सगळा रस कडवट होतो.

चव बिघडली असेल तर

आंबट: आधी मीठ तपासा, कमी मिठात आंबट जास्त लागतं. मग आणखी पाच-दहा मिनिटं शिजवा. त्यानंतरही आंबट असेल तरच चिमूटभर साखर. खाण्याचा सोडा घालू नये, रस सपक होतो.

कडू: करपलेला लसूण किंवा रोझमेरीचा अतिरेक. काडी पंधरा मिनिटांनी काढून टाका. वाळलेली रोझमेरी अर्धा चहाचा चमचा पुरे.

धातूसारखी: नुसत्या लोखंडाच्या, बिडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या कढईत टोमॅटो आणि वाइन शिजवली. कोंबडी बिडाच्या तव्यावर परतायला हरकत नाही, पण रस स्टीलच्या किंवा एनॅमलच्या भांड्यात करा.

दालचिनीसारखा वास: कृतीतल्या "बे लीफ"साठी तमालपत्र वापरलं गेलं. भूमध्य समुद्राकडचं लॉरेलचं पान वेगळ्या झाडाचं. पान पाहून ओळखता येतं: तमालपत्रावर लांबीच्या दिशेने तीन ठळक शिरा असतात, लॉरेलला मधे एकच. लॉरेल नसेल तर काहीच घालू नका.

खारट: ऑलिव्ह, आणि घातले असतील तर केपर्स (खारवलेल्या लहान कळ्या). पाण्यात दहा मिनिटं भिजवून, निथळून, शेवटच्या दहा मिनिटांत घाला. डब्यातले एकसारखे काळेभोर, बिया काढलेले ऑलिव्ह बेचव असतात. बी असलेले, जांभळट-तपकिरी घ्या.

वाढताना

इटलीत हा पास्त्यावर ओतायचा पदार्थ नाही. उत्तरेला पोलेंता (मक्याच्या भरड पिठाची उकड), इतरत्र पाव किंवा बटाटे. म्हणून रस अंगाबरोबर असावा, वाटीत घेऊन प्यावा इतका नको. पावाचा तुकडा ताटात फिरवला तर तो भिजून लगदा न होता रस उचलला पाहिजे. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं थांबून वाढा.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी थंड रसावर चरबी गोठलेली दिसेल, ती चमच्याने निम्मी काढा. गरम करताना दोन चमचे पाणी घालून, झाकण ठेवून, मंद आचेवरच. उरलेला रस आणि हाडावरून काढलेलं मांस मात्र त्या दिवशी खुशाल पास्त्यात घाला. पास्ता एक मिनिट आधी काढून रसात संपवायचा आणि त्याचं अर्धी वाटी पाणी हाताशी ठेवायचं, कारण रात्रभरात हा रस आणखी घट्ट झालेला असतो.